चांदीची पट्टी

रायफल दिवाणावर ठेवली गेली तेव्हा तुळशीराम गावंडे यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वरातीत नाचणाऱ्या नवरदेवाच्या मित्रांकडे जसं पाहतात तसं त्या वस्तूकडे पाहिलं.

"तीनशे पंधरा बोर, मामाजी," जावई म्हणाला. "लायसन्सला दोन वर्षं लागली. हात तर लावून पहा."

तुळशीरामांनी हात लावला नाही. चौतीस वर्षं त्यांनी सरकारी बंदूक-फॅक्टरीच्या चाचणी-रेंजवर हात लावायचंच काम केलं होतं. हत्यार यायचं, ते झाडायचं, मोजायचं, आणि पास की नापास ते लिहायचं. त्यांनी नापास केलेला माल मोठ्या साहेबांनाही पास करता आला नव्हता, असं ते स्वतः सांगत. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी जबलपूरच्या अधारताल भागातल्या त्या दोन खोल्यांत पास-नापासचा कारभार चालूच होता. शेजाऱ्याची नवी स्कूटर नापास. सोसायटीचा नवा चौकीदार नापास. आणि जावई धनेश ढोमणे, तो तर सहा वर्षांपूर्वी लग्नाच्या बोलणीतच नापास झालेला. फक्त तो शेरा कुठं लिहिता आला नव्हता, कारण त्यांच्या मुलीनं, रोशनीनं, त्याला आधीच पास केलं होतं.

धनेशचं सराफ्यात तीन पिढ्यांचं दुकान. बोलणीच्या दिवशी त्याच्या काकांनी विचारलं होतं, "फॅक्टरीत म्हणजे आपण नेमकं काय करता? ऑफिसात बसता, की हातानं?" तो 'हातानं' तुळशीरामांच्या घशात अजून अडकलेला होता. पण जावई तो जावई. त्याला 'जावईबापू' म्हणायचं, 'आपण' म्हणायचं, पहिली पोळी त्याच्या ताटात. सहा वर्षं तुळशीराम हा सगळा मान रीतसर देत होते, आणि देताना मनातल्या मनात त्याची सालं काढत होते.

धनेशची शहराबाहेर पाटणकडे बारा एकर शेती होती. हिवाळ्यात तिथं वाटाणा, आणि वाटाण्यात रानडुकरं. एका रात्रीत कळप अर्धा एकर उलटापालटा करून जायचा. म्हणून त्यानं डुकरांसाठी रीतसर परवानगी काढली आणि म्हणून ही रायफल. इथवर तुळशीरामांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती पुढच्या शृंगाराची.

दस्त्याच्या पुढच्या टोकाशी, लाकूड आणि नळी दोन्हींना मिळून, बोटभर रुंदीची चांदीची पट्टी आवळून बसवलेली होती. पट्टीवर वाघाचं तोंड. वाघाच्या खाली कोरलेलं, 'धनेश'.

"माझ्या कारागिराला सात दिवस लागले," धनेश म्हणाला.

"अय्या, डुक्कर मारायचं तर वाघ काहून काढला?" तुळशीरामांच्या बायकोनं, शकुनं, अगदी भोळेपणानं विचारलं.

"शान असते, आई."

तुळशीराम पट्टीकडे पाहत राहिले. नळी ही दस्त्यात मोकळी राहिली पाहिजे, हे रेंजवर झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं. गोळी सुटली की नळी थरथरते, तापली की वाढते. तिला लाकडाशी बांधून ठेवलं की ती तापेल तसतशी पट्टीशी भांडते आणि दरवेळी गोळी वेगळीकडे फेकते. आणि या शहाण्यानं तिला दागिना घातला होता! म्हशीच्या गळ्यात सोन्याचा हार घालून तिला दूध जास्त दे म्हणणारा माणूस तरी बरा, असं त्यांना वाटलं.

"कशी आहे, मामाजी?"

"चकाकून राहिली," तुळशीराम म्हणाले.

धनेशनं नेमकं विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं, असं त्यांनी नंतर बरेच दिवस स्वतःला समजावलं.

पुढच्या रविवारी रायफल क्लबच्या रेंजवर धनेश आपला मित्र आल्हाद याला घेऊन आला. आल्हाद बांधकामाची ठेकेदारी करायचा आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढायचा. रेंज सांभाळणारा रत्नाकर हा तुळशीरामांचा फॅक्टरीतला जुना सोबती. त्यानं वहीत नोंद केली, लाल झेंडा चढवला आणि हळूच म्हणाला, "गावंडे, जावई टोपी लय भारी घालून आले."

टोपी खरंच भारी होती, पानापानांच्या छापाची. त्या उघड्या माळावर ती घालून धनेश कुठं लपणार होता, ते त्यालाच माहीत.

"मामाजी, पहिली गोळी तुम्ही मारा. तुमच्या हातानं मुहूर्त."

"लायसन्स आपलं, ट्रिगर आपला," तुळशीराम म्हणाले. "मी बोट लावणार नाही. मागं बसून पाहीन."

त्यांनी धनेशकडून आधी नळीतलं कारखान्याचं ग्रीस पुसून घेतलं. दोरीला फडक्याची चिंधी बांधून ती नळीतून एकदा, दोनदा, दहादा ओढायला लावली, चिंधी पांढरी निघेपर्यंत. दुर्बिणीचे स्क्रू तपासले. दोन ढिले निघाले. तेवढे ते सांगून मोकळे झाले, कारण स्क्रू रत्नाकरलाही दिसले असते. मग धनेशला टेबलाशी बसवून रायफलीखाली वाळूच्या पिशव्या दिल्या आणि पंचवीस मीटरवर कागद लावला.

"शंभरवर लावा ना!" आल्हाद म्हणाला.

"शंभरवर चुकली तर कुठं गेली ते देवाला विचारावं लागते," तुळशीराम म्हणाले. "इथं कागदच सांगेल."

पहिली गोळी सुटली आणि धनेशनं दोन्ही डोळे मिटले, मान मागं टाकली. दुसऱ्या गोळीला गोळी सुटायच्या आधीच मिटले. पाच गोळ्यांतल्या तीन कागदावर होत्या, तीन दिशांना. दोन पलीकडच्या मातीत गेल्या.

तुळशीरामांना मनातून इतकं बरं वाटलं की त्यांना थर्मासमधला चहाही गोड लागला. हे हात म्हणे हिरे पारखतात! बत्तीस वर्षांचा गडी, आणि आवाजाला भ्यायलेल्या पोरासारखा खांदा चोरतो.

"जावईबापू, आपण आवाजाची वाट पाहता," ते अत्यंत आदरानं म्हणाले. "घरी रिकामी रायफल धरा. नळीवर नाणं ठेवा. नाणं न पडता ट्रिगर ओढता आला की मग या. घाई काही नाही."

घाई काही नाही याचा अर्थ आलात नाही तरी चालेल असा होता. धनेशनं मान डोलावली आणि टोपी काढून घाम पुसला.

आठवड्याभरानं रोशनीचा फोन आला. "बाबा, हे रोज सकाळी तासभर त्या रायफलीवर नाणं ठेवून बसून राहतात. कालपासून पडत नाही नाणं."

"वा," तुळशीराम म्हणाले आणि फोन ठेवून शकुला म्हणाले, "सोनाराला नाणं सांभाळायला काय शिकवावं लागते?"

दुसऱ्या खेपेला धनेश रेंजवर आला तो टोपीशिवाय. भर दुपारची वेळ, ऊन चांगलं चढलेलं. आल्हादही होता, आणखी दोन मित्र होते. या वेळी पन्नास मीटर. धनेश बसला, श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबला. गोळी सुटली. डोळे उघडेच होते. परत श्वास, परत थांबणं. एकामागं एक, न बोलता, पाच गोळ्या.

रत्नाकर रेंजच्या दुसऱ्या टोकाला पोरींच्या एअर रायफली लावण्यात गुंतला होता. कागद तुळशीरामांनीच काढून आणला. वाटेतच त्यांनी पाहिलं आणि त्यांची चाल मंदावली.

पाच भोकं एकाच्या डोक्यावर एक, सरळ उभ्या रेषेत. डावीउजवीकडे बोटाच्या पेराइतकाही फरक नाही. पहिलं सर्वात खाली, पाचवं सर्वात वर, दोहोंत वीतभर अंतर. हात हलणाऱ्या माणसाच्या गोळ्या चहूकडे पांगतात, अशा शिडीसारख्या चढत नाहीत. हा माणूस दगडासारखा स्थिर बसला होता. चढत होती ती नळी, तापत होती तशी, त्या चांदीच्या पट्टीला ढुशी देत. चौतीस वर्षांत असे कागद त्यांनी शेकड्यानं पाहिले होते. या कागदाचा अर्थ त्यांना झोपेतही सांगता आला असता.

टेबलाशी धनेश मित्रांना सांगत होता, "आमचे मामाजी म्हणजे साधे समजू नका. चौतीस वर्षं सरकारी खर्चानं फटाके फोडले त्यांनी!"

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, नुसतेच हसले. धनेशनं तर ते कौतुकानंच म्हटलं होतं, पण हे तुळशीरामांच्या फार उशिरा ध्यानात आलं. त्या क्षणी त्यांना फक्त 'हातानं?' एवढंच ऐकू आलं.

धनेशनं कागद घेतला. कपाळाला आठी पडली. "मामाजी, एकाच्या वर एक काहून जाऊन राहिल्या? मी तर तिथंच धरून होतो."

त्यानं नेमकं विचारलं होतं. यापेक्षा नेमकं कुणी विचारू शकत नाही.

"हात चढतो आपला," तुळशीराम म्हणाले. "दम टिकत नाही. गादीवर बसायची सवय."

मित्र पुन्हा हसले. धनेश ओशाळला, कागदाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "अच्छा. मग आता?"

"आता काय. शेवटच्या गोळ्या जिथं पडल्या त्या धरून दुर्बीण खाली घ्या."

आणि त्यांच्या देखत धनेशनं, दागिन्यावर काम करावं तितक्या हलक्या हातानं, दुर्बिणीचा स्क्रू फिरवला. तापलेल्या नळीच्या गोळ्या आता बरोबर मध्यावर पडू लागल्या. आल्हादनं फोटो काढला. थंड नळीची पहिली गोळी आता वीतभर खाली जाईल, हे त्या माळावर एकाच माणसाला माहीत होतं. तो थर्मासचं झाकण लावत होता. त्याला वाटलं, चुकेल, हसं होईल, एवढंच ना.

डिसेंबरच्या शेवटी धनेशनं सगळ्यांना शेतावर बोलावलं. तुळशीराम एरवी टाळत, या वेळी स्वेटर घालून शकुच्या आधी तयार झाले. रात्री मुक्काम झाला. पहाट सरता सरता धुकं वर उचललं गेलं आणि वाटाण्याच्या टोकाला, तुरीच्या कडेनं, काळे ठिपके हलताना दिसले. वनखात्याचा गार्ड कागद घेऊन हजर होता. शेत सांभाळणारा बंडू, काटोलकडून वीस वर्षांपूर्वी आलेला, धनेशच्या बाजूला उकिडवा बसला होता. तुळशीराम मागं खाटेवर. गारठा असा की हातातला पेला सोडवत नव्हता.

साठ मीटर. मोठा नर आडवा उभा राहिला. धनेशनं वाळूची पिशवी सारखी केली, श्वास अर्धा सोडला.

गोळी सुटली. डुक्कर मागच्या अंगानं बसलं, किंचाळलं, उठलं आणि फरपटत तुरीत शिरलं. खांद्यात लागायची गोळी पोटाखाली लागली होती. बरोबर वीतभर खाली.

"बंडूभाऊ, थांबा!" धनेश ओरडला. "कुणी पुढं जाऊ नका!"

पण बंडूनं डुक्कर बसताना पाहिलं होतं. त्याच्या मतानं काम झालं होतं. तो काठी घेऊन तुरीच्या कडेला पोचला सुद्धा. तुरीचे धांडे एकदम फाकले आणि ते धूड बाहेर आलं. बंडू उलटा पडला. त्याच्या ओरडण्यानं खाटेवर बसलेल्या तुळशीरामांच्या हातून पेला सुटला.

धनेश धावत गेला. तुळशीराम जागचे हललेही नव्हते तेवढ्यात तो तिथं पोचला होता. डुक्कर वळून पुन्हा येत होतं. आठ पावलांवर धनेश उभा राहिला, रायफल खांद्याला लावली आणि थांबला. खरोखर थांबला, बंडू बाजूला सरकेपर्यंत. मग गोळी सुटली आणि जनावर त्याच्या पायांशी घसरत येऊन पडलं.

तुळशीरामांनी एवढं मात्र पाहिलं की धनेशचे डोळे उघडे होते.

बंडूची मांडी गुडघ्यापासून वर फाटली होती. रोशनीनं आपली शाल फाडून करकचून बांधली. गार्ड पंचनाम्याला आणि जनावर पुरायला मागं राहिला, बाकी सगळे गाडीत बसून जबलपूरला दवाखान्यात. वाटेत बंडूचं डोकं धनेशच्या मांडीवर होतं आणि धनेश पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "माझा हात चढला, बंडूभाऊ. घाबरून सुटली गोळी. माझ्या हातानं झालं."

पुढच्या सीटवर बसलेल्या तुळशीरामांनी काच खाली केली. एवढ्या थंडीत काहून, असं शकुनं विचारलं. गोळी खाली लागली असताना हा बावळट 'हात चढला' म्हणतो, असा तुच्छतेचा एक विचार सवयीनं आला. तो त्यांना पूर्ण करवला नाही.

अठ्ठावीस टाके पडले. हाड वाचलं.

चार दिवस तुळशीरामांनी घरात कशालाही नापास केलं नाही. शकुला वाटलं, ताप आहे. पाचव्या दिवशी ते सराफ्यात गेले. लग्नानंतर त्या दुकानात ते दोनदाच गेले होते, दोन्ही वेळा जोडे न काढता उंबऱ्यातून परतलेले. या वेळी आत गेले. गादी रिकामी होती. मागच्या खोलीत, कारागिराच्या पाटावर, धनेश स्वतः बसला होता. एका म्हाताऱ्या बाईची नथ तुटलेली. फुंकणीतून ज्योतीवर एकसारखी फुंकर, चिमट्यात केसाएवढी तार. तार जुळेपर्यंत त्याचा श्वास कुठं मोडला नाही. तुळशीराम उभे राहून पाहत राहिले. गादीवर बसायची सवय, असं आपण म्हणालो होतो.

"अरे मामाजी! बसा न."

"बसत नाही. सांगायचं आहे." त्यांनी उभ्यानंच सांगितलं. पट्टी, तापलेली नळी, कागदावरची शिडी, थंडीतली पहिली गोळी. रेंजवर नव्या पोरांना सांगत तसं, कोरडं आणि क्रमानं. दुसरं कसं सांगायचं, ते त्यांना येत नव्हतं.

धनेशनं फुंकणी खाली ठेवली. "म्हणजे माझा हात नव्हता?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पट्टी पाहिली तेव्हाच. कागद पाहून पक्कं झालं."

"आणि मी विचारलं होतं."

"हो."

धनेश ओरडेल असं त्यांना वाटलं होतं. ओरडण्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, सहा वर्षांचं. धनेशनं नुसतं पाहिलं. खोटा दागिना गिऱ्हाइकानं पुढं सरकवावा आणि सराफानं कसोटीवर घासायचीही तसदी न घेता परत सरकवावा, तसं पाहिलं.

"बंडूभाऊला मी सांगितलं आहे की चूक माझी," तो म्हणाला. "आता ते तुम्ही दुरुस्त करा. जाऊन. आणि रविवारी रेंजवर या. शिकवायला." थोडं थांबून म्हणाला, "गावंडेजी."

दवाखान्यात बंडू झोपेच्या औषधानं पडलेला होता. बायको पुष्पा पायथ्याशी बसून संत्रं सोलत होती. तुळशीरामांनी तिलाही तेच सांगितलं, जरा सोपं करून. तिनं संत्र्याची फोड बशीत ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मले नळीचं काही समजत नाही, बाबूजी. एवढं समजलं का तुमच्या सासऱ्या-जावयाच्या रुसव्यात माह्या माणसाचा पाय फाटला."

"माफी मागायला आलो आहे."

"मागा न. तो उठल्यावर मागा. मी काय करू तिचं?" ती दुसरी फोड सोलू लागली. "सवा महिना पाय टेकायचा नाही म्हणते डॉक्टर. रोज सकाळी वाटाण्याची राखण कोण करन? मी का यायले पाहू का डुकराले?"

तिथं बसायला दुसरी खुर्ची होती. पुष्पानं ती दाखवली नाही.

रविवारी रेंजवर धनेश एकटाच आला. पट्टी त्यानं स्वतःच कापून काढली होती, लाकडाला ओरखडा न पाडता. तुळशीरामांनी नळी आणि लाकडाच्या मधून कोऱ्या कागदाची घडी सरकवून दाखवली. तीन ठिकाणी ती अडकली. तिथं तिथं धनेशनं बारीक कानशीनं लाकूड इतकं थोडं थोडं उतरवलं की रत्नाकरही जवळ येऊन पाहत राहिला. शेवटी घडी टोकापासून मुळापर्यंत बिनबोभाट फिरली. मग दस्त्याचे स्क्रू ठरावीक दाबानं, मागचा आधी, पुढचा नंतर. एकाच डब्यातल्या गोळ्या. एक गोळी मारायची आणि नळीला हात लावून पाहायचा. थंड झाल्याशिवाय दुसरी नाही. तीन गोळ्या पडल्याशिवाय दुर्बिणीला हात नाही, कारण एका गोळीवरून ठरवणं म्हणजे अंदाज, आणि तिघींनी मिळून सांगितलं तर ती साक्ष. तुळशीराम सांगत गेले. धनेश करत गेला. 'हो', 'झालं', 'पुढं', याशिवाय तो बोलला नाही. सहा वर्षांत त्या दोघांनी इतका वेळ एकत्र घालवला नव्हता.

दुपारी शंभर मीटरवरून शेवटचा कागद आला. तीन भोकं काडेपेटीखाली झाकली जातील अशी. फॅक्टरीत असते तर तुळशीरामांनी तो कागद साहेबांना दाखवायला नेला असता.

"एवढ्यावर थांबू नका," ते म्हणाले. "थंडीत एका सकाळी या, पहिलीच गोळी कुठं जाते ते पहा. पहिलीच महत्त्वाची."

"येईन. आणखी काही सांगायचं राहिलं का? असेल तर आजच सांगा."

"नाही. काही राहिलं नाही." मग त्यांना राहवलं नाही. "जावईबापू, आपला हात चांगला आहे. मी फार कमी असे पाहिले."

धनेशनं रायफल पुसून पेटीत ठेवली, कुलूप घातलं. "ते मला माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला, "आता." रत्नाकरला हात जोडले, तुळशीरामांनाही जोडले, दोघांना सारखेच, आणि गाडी घेऊन गेला. येताना त्यानं मामाजींना घरून घेतलं होतं. जाताना सोडायचं त्याला सुचलं नाही, किंवा सुचलं. रत्नाकरच्या स्कूटरवर मागं बसून तुळशीराम अधारतालला परतले.

शकुला रोशनीकडून सगळं कळलेलं होतं. तिनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतःचं ताट घेऊन आतल्या खोलीत गेली.

"अगं, इथंच बस न."

"जेवा तुम्ही," आतून आवाज आला. "मीठ कमी असलं तर नापास करजा."

सोमवारी सकाळी त्यांनी पिशवीत दोन स्वेटर, कानटोपी आणि थर्मास भरला आणि पाटणची बस धरली. शेतावरच्या खोलीत बंडूची खाट रिकामी होती. ती बाहेर काढून त्यांनी वाटाण्याच्या बांधावर टाकली. बंदुकीचं काम नव्हतंच. परवानगी धनेशची, रायफल धनेशची. राखणदारानं तेलाचा रिकामा डबा वाजवायचा, एवढंच.

तिसऱ्या दिवशी पुष्पा शहरातून आली, नवऱ्याचे कपडे न्यायला. पहाटेचं धुकं अजून बसलेलंच होतं. तुरीच्या कडेला काहीतरी हललं. तुळशीराम उठले, डबा उचलला आणि काठीनं टकटक केलं. जे हललं होतं ते तिथंच राहिलं.

पुष्पा खोलीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय वाजवून राहिले, बाबूजी? जोरानं वाजवा! डुक्कर आहे थो, पाहुणा नाही!"

तुळशीरामांनी जोरानं वाजवलं.

"अजून!"

ते धुक्यात चालत पुढं गेले, डबा छातीशी धरून, बडवत. तुरीतून तीन काळी धुडं निघाली आणि ओढ्याकडे पळाली. ती दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात थांबला नाही. मागून पुष्पानं चुलीवर चहा ठेवल्याचा वास आला. तो आपल्यासाठी आहे की नाही, ते विचारायचं त्यांना धाडस झालं नाही.